अर्धा इंच डावीकडे

“तीन, दोन, एक,” म्हणत नाडगौडा साहेबांनी बटण दाबलं. भिंतीपलीकडे धप्प आवाज झाला, पायाखालची जमीन थरारली, टेबलावरच्या कपबश्या किणकिणल्या आणि संपलं. आठ महिन्यांच्या कामाचा तेवढ्यात निकाल.

साहेबांनी कॅमेऱ्यातून फोटो ओढून काढला. मोजणी-यंत्राच्या पडद्यावरची रेषा डोळ्यांना दिसायच्या आत नाहीशी व्हायची, म्हणून पडद्यासमोर पोलरॉइड कॅमेरा लावलेला असायचा. फोटो बाहेर काढायचा, मिनिटभर थांबायचं, मग वरचा पापुद्रा सोलायचा. ते एक मिनिट मला कायम बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं असल्यासारखं वाटायचं. अकरा वर्षं वाटत होतं.

पापुद्रा निघाला. रेषा डावीकडून सरळ आली, वर चढायला लागली आणि अर्ध्यावरच तुटली. पुढे सगळी गिचमीड.

“लोणकर, गेज गेलं,” साहेब म्हणाले.

“इन्सुलेशन फाटलं असणार, साहेब. माल खरखरीत आहे.”

“असेल.” त्यांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला, माझ्या हातात दिला नाही. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “दुसरी फरशी तोरसकर लावतील.”

खोलीत आम्ही तिघंच होतो. साहेब, मी आणि दाराशी वही घेऊन उभी असलेली हेमांगी तोरसकर. तिने मान खाली घातली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. निदान माझ्याकडे बघून तरी बोलायचं होतं!

आमचं काम काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुण्याबाहेर एका टेकडीच्या मागे आमची प्रयोगशाळा होती. तिथे एक लांबलचक नळी होती, गॅसच्या दाबाने धातूची चकती सोडणारी. ती चकती सुसाट येऊन समोरच्या नमुन्यावर आदळायची. आदळली की नमुन्याच्या आतून दाबाची एक लाट जायची, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात. ती लाट किती जोराची, हे मोजायला नमुन्याच्या पोटात मँगनीन नावाच्या मिश्रधातूची पट्टी बसवायची. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तिला आम्ही गेज म्हणायचो. दाब पडला की त्या पट्टीचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. पडद्यावरची रेषा टुणकन वर उडी मारते, क्षणभर सपाट धावते, म्हणजे एक पायरी दिसते. पायरी जेवढी उंच, तेवढा दाब. त्यानंतर गेजचा, नमुन्याचा, सगळ्याचा चुरा. एका गेजला एकदाच बोलता येतं.

आणि ते गेज चिकटवायचं काम माझं. नमुन्याच्या दोन तुकड्यांच्या मध्ये, इपॉक्सीच्या, म्हणजे चिकट राळेच्या थरात. थर जाड झाला की वाचन चुकलं, बुडबुडा राहिला की गेज मेलं. साहेब फार शिकलेले, परदेशात राहून आलेले, पण हे काम त्यांच्या हाताला जमायचं नाही. मी आयटीआय झालेला साधा तंत्रज्ञ, पण माझ्या हाताला जमायचं. निकाल चांगला आला की साहेब फोटोच्या कोपऱ्यात, ज्याने गेज लावलं त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर पेन्सिलीने लिहायचे आणि फोटो भिंतीवर टाचायचे. तोंडाने काय म्हणायचे? “ठीक.” बस्स. अकरा वर्षांत त्या माणसाच्या तोंडून ‘ठीक’च्या पुढचा शब्द मी ऐकला नाही. पण भिंतीवर एकशे चाळीस फोटो होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात ‘लो’ होतं. मला तेवढं पुरत होतं.

मग ही आली. सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर. मालवणची, चोवीस वर्षांची, काटकुळी. वडील घड्याळजी. लहानपणापासून डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या केसासारख्या स्प्रिंगा बसवत आलेली. पहिल्याच आठवड्यात माझ्याजवळ येऊन म्हणाली, “लोणकरकाका, बुडबुडे कसे काढता तुम्ही? शिकवा ना मला.”

मी म्हणालो, “हाताने होतं. सांगून येत नाही.”

खोटं होतं ते. सांगून चांगलं येण्यासारखं होतं. वरचा तुकडा ठेवताना आधी एक कड टेकवायची आणि मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हलकेच फिरवायचा. दहा मिनिटांत शिकवलं असतं. नाही शिकवलं. तर बयेने महिन्याभरात स्वतःच्या डोक्याने दुसरीच रीत काढली, सुईच्या टोकाने. आणि एके दिवशी भिंतीवर नवा फोटो लागला, कोपऱ्यात ‘तो’. मग दुसरा, मग तिसरा. तिच्या पायऱ्या माझ्यापेक्षा स्वच्छ होत्या. कोपरा काटकोनात, वरचा भाग सपाट. मी दुपारी डबा खाताना त्या तीन फोटोंकडे पाठ करून बसायचो.

जळत होतो मी. आता या वयात लपवून काय करू? रागाला काहीतरी कारण लागतं, मला तिने ते कधी दिलंच नाही. काका काका करायची, माझ्यासाठी घरून कोकम आणायची. त्याने तर मी जास्तच जळायचो.

बायकोने ओळखलं होतं. एकदा जेवताना म्हणाली, “आज तोरसकरचं नाव सात वेळा घेतलंत. आमटीत मीठ नाहीये, ते मात्र तुम्हाला कळलं नाही.”

“मी कशाला तिचं नाव घेऊ?”

“आठ,” नलू म्हणाली.

आणखी एक गोष्ट. मला चाळिशी लागून दोन वर्षं झाली होती. जवळचं काम चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. पण ही पोरगी आल्यापासून मी चष्मा खणात ठेवायला लागलो. ती काय, डोळ्याला भिंग लावायची ते ऐटीत दिसायचं. मी चष्मा लावला की म्हातारा दिसलो असतो. म्हणून अंदाजाने काम करायचो, आणि हाताच्या सवयीवर ते निभावत होतं.

आता ही फरशी. चिनी मातीसारखी, पण पोलादापेक्षा कडक, रणगाड्याच्या अंगावर लावायचा नवा माल. एका कारखान्याने आठ महिने भट्टीशी झटून तिचे दोन नमुने दिले होते, सोबत मापांचा दाखला. सोमवारी पहिला नमुना मी घालवला होता. गुरुवारी दिल्लीची समिती येणार होती. त्यांना पायरी दाखवली तर पुढचं काम मंजूर, नाहीतर सगळं गुंडाळा. आणि हेमांगीची नेमणूक महिनाअखेर संपत होती. तिला कायम करायचं की नाही, ते साहेबांच्या एका शेऱ्यावर होतं. हे सगळ्या प्रयोगशाळेला माहीत होतं.

मंगळवारी सकाळपासून ती मायक्रोमीटर घेऊन फरशी मोजत बसली. इथे माप, तिथे माप, वहीत आकडे. मी मनात म्हटलं, दाखला आलाय ना बाई, मोजतेस काय? दुपारी चहाच्या वेळी ती माझ्या टेबलापाशी आली.

“काका, त्या फरशीचं एक सांगायचं होतं…”

“मला कशाला सांगतेस?” मी कपातून मान वर न काढता म्हणालो. “काम तुला दिलंय ना साहेबांनी? मग तुझं तू बघ.”

“तसं नाही, काका, तुमचा सल्ला…”

“सल्ला हवा होता तर गेज माझ्याकडेच ठेवायचं होतं.”

तिने वही मिटली. मग म्हणाली, “बरं.” साहेब त्या दिवशी समितीच्या तयारीसाठी शहरात गेले होते. तिला सांगायला दुसरं कोणी नव्हतं.

तिने तीन वाजता गेज चिकटवलं. वर बटरपेपर, बटरपेपरवर आमचं दोन किलोचं पितळी वजन. ते रात्रभर तसंच ठेवायचं, इपॉक्सी घट्ट होईपर्यंत. आमच्याकडे एक नियम होता आणि तो मीच घातलेला होता: ज्याने वजन ठेवलं त्यानेच उचलायचं. दुसऱ्या कोणी त्याला बोट लावायचं नाही. एकदा एका झाडूवाल्याने टेबल पुसताना वजन हलवलं होतं, तेव्हा मी त्याला असा काही फैलावर घेतला होता की तो बिचारा महिनाभर त्या खोलीत आला नाही.

साडेचारच्या बसने हेमांगी घरी गेली. पाच वाजता मी निघालो. जाता जाता त्या टेबलाकडे बघितलं आणि थबकलो.

वजन मध्यावर नव्हतं. डावीकडे सरकलेलं होतं, चांगलं अर्धा इंच. चष्मा नसतानाही दिसावं इतकं.

कुठलाही पोरसवदा शिकाऊ सांगेल, वजन बाजूला गेलं की एकीकडचं इपॉक्सी दाबलं जातं, दुसरीकडे जाड राहतं. थर तिरपा. तिरपा थर म्हणजे मेलेलं गेज.

मला आनंद झाला. असा आनंद की छातीत मावेना. घड्याळजीची लेक! भिंग लावते! आणि वजन ठेवता येत नाही! मी शीळ घालत सायकलच्या स्टँडपर्यंत गेलो. बुधवारी सकाळी साहेबांचं तोंड कसं होईल ते मला दिसायला लागलं. पुढच्या फरशीला ते खिडकीबाहेर न बघता म्हणतील, लोणकर, तुम्हीच लावा.

कुलूप काढलं, सायकल स्टँडवरून उतरवली, आणि पाय पेडलवर जाईना. आठ महिने भट्टीपाशी भाजून निघालेली माणसं आठवली. कोकमाची बाटली आठवली. तिचं ते “बरं” आठवलं. मी स्वतःलाच म्हणालो, लोणकर, एवढा हलकट झालास? इपॉक्सी अजून ओलं आहे, तुझा हात लागला तर वाचेल.

परत गेलो. खोलीत उजेड कमी झाला होता. मी दोन बोटांनी वजन धरलं आणि हलकेच, बुडबुडा न येऊ देता, मध्यावर आणलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. अगदी बरोबर. माझा हात होता तो.

त्या संध्याकाळी मी सायकलवर गात घरी गेलो. माझ्यासारखा मोठ्या मनाचा माणूस जगात नाही असं वाटत होतं. कुणाला सांगायचं नाही, असंही ठरवलं. तिलाही नाही. तिचा फोटो लागेल, कोपऱ्यात ‘तो’ असेल, आणि फक्त मला माहीत असेल की त्यात ‘लो’ किती आहे. हे मला फारच आवडलं. नलूने विचारलं, “आज स्वारी खुशीत?” मी म्हणालो, “काही नाही, सहज.” तोरसकरचं नाव मी त्या रात्री एकदाही घेतलं नाही.

बुधवारी सकाळी हेमांगीची बस वाटेत बंद पडली. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. साहेब येरझाऱ्या घालायला लागले.

“लोणकर, वजन तुम्ही उचला. नमुना नळीत बसवायला तास लागतो, थांबून चालणार नाही.”

मी वजन उचललं, बटरपेपर काढून चुरगळला, डब्यात टाकला आणि नमुना साहेबांच्या हाती दिला. साडेदहाला ती धापा टाकत आली. नमुना नळीत बसून दार बंद झालेलं होतं.

“काका, वजन तुम्ही उचललंत?”

“साहेबांनी सांगितलं म्हणून.”

“जसं ठेवलं होतं तसंच होतं ना?”

मला वाटलं, हिला आता स्वतःची चूक आठवली, घाबरली बिचारी. मी मोठेपणाने हसलो. “होतं, होतं. तू काळजी करू नकोस.”

तिचा चेहरा उजळला. “थँक्यू काका,” म्हणाली.

तीन, दोन, एक. धप्प. साहेबांनी फोटो काढला, मिनिटभर थांबले, पापुद्रा सोलला. रेषा सरळ आली, चढायला लागली, अर्ध्यावर तुटली. सोमवारच्या फोटोवर ठेवला असता तर दोन्ही रेषा तंतोतंत जुळल्या असत्या.

“आता काय करूचा?” हेमांगी तोंडातल्या तोंडात, तिच्या घरच्या बोलीत म्हणाली.

साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, “तोरसकर, वजन मध्यावर ठेवलं होतं?”

“नाही साहेब. अर्धा इंच डावीकडे.”

“डावीकडे?”

“मुद्दाम, साहेब. फरशी दोन्ही बाजूंना सारखी जाड नाही. डावीकडे चार शतांश मिलिमीटरने जास्त आहे. मध्यावर वजन ठेवलं असतं तर वरचं तोंड तिरपं राहिलं असतं, चकती आधी एका कडेला लागली असती आणि गेजच्या तारा तुटल्या असत्या. सोमवारी तेच झालं असावं. म्हणून जाड बाजूवर वजन ठेवलं, म्हणजे तिकडे इपॉक्सी पातळ होईल आणि दोन्ही मिळून तोंड सरळ येईल. वहीत सगळं लिहिलंय.”

तिचं बोलणं संपायच्या आतच मला सगळं कळलं होतं. सोमवारची फरशी मी मोजली नव्हती. चष्म्याशिवाय मायक्रोमीटरवरचे बारीक आकडे वाचता आले नसते, म्हणून मोजलीच नव्हती. आणि काल तिने नीट ठेवलेलं वजन मी माझ्या या हाताने बिघडवलं होतं.

“कारखान्याचा दाखला आहे, फरशी समांतर असल्याचा,” साहेब म्हणाले.

“दाखला चुकीचा आहे, साहेब.”

“असेल तर आता सिद्ध कसं करणार? फरशीची भुकटी झाली.” साहेब माझ्याकडे वळले. “लोणकर, सकाळी वजन तुम्ही उचललंत. कुठे होतं?”

हेमांगीनेही माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. ती निश्चिंत होती, कारण तासापूर्वी मीच तिला होतं, होतं म्हटलं होतं.

खरं बोललो असतो तर काय झालं असतं? वजन मध्यावर होतं, साहेब, मी सरकवलं. एवढी दोन वाक्यं. म्हणजे पोरीचा हिशेब बरोबर, माझं अडाणीपण उघडं. आणि मी चांगल्या मनाने सरकवलं, यावर त्या प्रयोगशाळेत एका माणसाने तरी विश्वास ठेवला असता का? मी तिच्यावर जळतो हे चहावाल्यालाही ठाऊक होतं.

“लक्ष गेलं नाही, साहेब,” मी म्हणालो. “चष्मा नव्हता डोळ्याला. जवळचं नीट दिसत नाही हल्ली.”

जो चष्मा मी सहा महिने लपवला, तो असा कामाला आला.

साहेबांनी मान हलवली. हेमांगीला म्हणाले, “तुम्ही हुशार आहात, पण इतका महत्त्वाचा नमुना स्वतःच्या तर्कावर लावायचा नसतो. निदान लोणकरांना विचारायचं होतं.”

तिने माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. विचारायला गेले होते, असं ती म्हणाली नाही.

गुरुवारी समिती आली, रिकामे हात बघून गेली. कृपा म्हणून आणखी एक नमुना मंजूर झाला, दोन महिन्यांनी मिळणार होता. हेमांगीला साहेबांनी नोंदवह्यांच्या टेबलावर बसवलं. महिनाअखेरीला तिची नेमणूक संपली ती संपलीच.

तोवरचे पंधरा दिवस ती रोज येत होती, रोज “काका, चहा?” म्हणत होती. मी तिच्या वाटेतून बाजूला व्हायचो.

शेवटच्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. वहीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे पसरला. चुरगळून पुन्हा सरळ केलेला बटरपेपर.

“त्याच दिवशी डब्यातून काढला मी. चष्मा लावा, काका.”

मी खणातून चष्मा काढून लावला. कागदावर पेन्सिलीचं एक बारीक वर्तुळ होतं, आणि त्याच्या उजवीकडे अर्ध्या इंचावर दुसरं, वजनाच्या बुडाला असलेल्या तेलाचं, काळपट.

“आमचे बाबा घड्याळाचा सुटा भाग ठेवला की भोवती पेन्सिल फिरवतात. कुणाचा धक्का लागला तर कळावं म्हणून. ही माझी रेघ. आणि रात्रभर वजन इथे होतं.”

“अगं, मी नीट करायला गेलो होतो!” मी म्हणालो. “शप्पथ सांगतो. मला वाटलं तुझं चुकलंय. वाचवायला गेलो होतो.” आणि बोलताना माझं मलाच ते खोटं वाटलं.

“माहीत आहे मला,” हेमांगी म्हणाली.

तिने ते काळपट वर्तुळ बोटाने दाखवलं.

“वाईट करायचं असतं तर उचलून कुठेही ठेवलं असतं. हे बघा, चारही कडांपासून मोजलं मी. बरोबर मध्यावर आहे, केसाचा फरक नाही. इतकं जपून कोण वाईट करतं? मला तेव्हाच कळलं की काकांनी मदत केली.” तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. “पण साहेबांनी विचारलं तेव्हा चष्म्याचं का काढलंत?”

मी टेबलाच्या कडेवरचा वाळलेला इपॉक्सीचा थेंब नखाने खरवडत राहिलो.

“पंधरा दिवस वाट बघितली मी,” ती म्हणाली. “आज सांगतील, उद्या सांगतील.”

“तू का नाही दाखवलास हा कागद साहेबांना?”

“पेन्सिलीची रेघ काय, कोणीही नंतर मारेल. मी दाखवून काय उपयोग? तुम्ही सांगितलंत तरच ते खरं.” तिने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. “तुमच्याकडे असू दे.”

“आता काय करणार तू?”

“बाबांच्या दुकानात बसेन. मालवणात घड्याळं बंद पडायची काही थांबलेली नाहीत.” ती हसली, आणि वाकून माझ्या पाया पडली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी कागद शर्टाच्या खिशात घातला आणि साहेबांच्या दारापर्यंत गेलो. खरंच गेलो. दार उघडंच होतं. साहेबांनी वर बघितलं आणि म्हणाले, “बरं झालं आलात. तिसरी फरशी तुमच्यावर आहे, लोणकर. दुसरं आता कोणी नाही.”

मी मनात म्हटलं, ही फरशी होऊ दे. निकाल लागला की कागद त्यांच्यापुढे ठेवीन. तेव्हा त्यांना पटेलही लवकर.

तिसरी फरशी आली. मी खोलीचं दार लावून घेतलं, चष्मा घातला आणि मायक्रोमीटरने मोजली. डावीकडे चार शतांश जास्त. तिच्या वहीत होतं तेवढंच. मी तिचा बटरपेपर बाजूला पसरला, त्यावरून माप घेतलं आणि पितळी वजन अर्धा इंच डावीकडे ठेवलं. भोवती पेन्सिल फिरवली. सकाळी दार उघडून पहिलं काय बघितलं असेल तर ती रेघ.

तीन, दोन, एक. धप्प. पापुद्रा सोलला आणि साहेबांचा हात थांबला. तशी पायरी त्या भिंतीवर आजवर लागली नव्हती. कोपरा काटकोनात, वरचा भाग सपाट, दूरवर सरळ गेलेला.

साहेबांनी पेन्सिल घेतली, कोपऱ्यात ‘लो’ लिहिलं. मग खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला. डोळे पाणावले होते त्यांचे.

“लोणकर,” ते म्हणाले, “तुमच्या हातासारखा हात मी परदेशातसुद्धा बघितला नाही. अकरा वर्षांत कधी बोललो नाही, चुकलं माझं.”

माझा दुसरा हात खिशावर होता. आत कागदाची घडी लागत होती.

“कसं जमवलंत?” साहेबांनी विचारलं. “दोनदा गेलं होतं. या वेळी वेगळं काय केलंत?”

त्यांनी विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. ते थांबले होते माझ्या उत्तरासाठी.

“हाताने होतं, साहेब,” मी म्हणालो. “सांगून येत नाही.”

माझ्या निवृत्तीला त्यांनी तोच फोटो चौकटीत घालून मला दिला. साहेब जाऊनही आता नऊ वर्षं झाली. फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत आहे, नलू दर दिवाळीला त्याची काच पुसते आणि आलेल्या-गेलेल्याला कौतुकाने सांगते, यांच्या हाताचं काम आहे. कागद मी फोटोच्या मागे ठेवला आहे. परवा नातीने विचारलं, “आजोबा, कोपऱ्यात हे काय लिहिलंय?”

मी चष्मा शोधत असल्यासारखं केलं आणि उठून आत गेलो.